हाताजोगा स्ट्रायकर

वस्तू विकत घेताना आम्ही फार विचार करतो, असा आमच्या घरात आमचा लौकिक आहे. छत्री घ्यावयाची झाली तर तीन दुकाने आणि चपला घ्यावयाच्या झाल्या तर पाच दुकाने पालथी घातल्यावाचून आमचे समाधान होत नाही. असे असता गेल्या पावसाळ्यात एक वस्तू आम्ही केवळ किंमत पाहून आणि दुकानदाराच्या शब्दावर विश्वास ठेवून पाच मिनिटांत घेऊन आलो, आणि नेमकी तीच चुकली. वस्तू म्हणाल तर केवढी? चार सेंटिमीटर व्यासाची एक वाटोळी चकती, कॅरमचा स्ट्रायकर. परंतु तिच्यापायी उतारवयात आम्हांस जे शिकावे लागले, ते सांगितल्यावाचून राहवत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे थोरले बंधू अण्णा यंदा ८५ वर्षांचे झाले. आम्ही त्यांच्याहून सहा वर्षांनी धाकटे. आमचे बालपण गोव्यात, कवळ्यास गेले. माघातील जत्रेच्या दिवसांत श्रीशांतादुर्गेच्या अग्रशाळा पाहुण्यांनी भरून जात, आणि रात्री पालखी निघावयास अवकाश असला म्हणजे एखाद्या सोप्यावर कंदिलाच्या उजेडात कॅरमबोर्ड मांडला जाई. त्याभोवती खेळणारे चार आणि शिकवणारे चाळीस असत. मुंबईहून येणाऱ्या एका कुळाव्यांपाशी हस्तिदंती स्ट्रायकर होता. मखमलीच्या डबीतून तो बाहेर निघाला की आम्हां पोरांची बोलती बंद होई. एकदा त्यांनी तो क्षणभर आमच्या हाती दिला. गुळगुळीत असूनही निसटू न पाहणारा, प्रथम थंड वाटून मग हाताची ऊब घेणारा तो स्पर्श सत्तर वर्षांनंतरही आमच्या बोटांना आठवतो. त्या स्पर्शासाठी एखाद्या हत्तीचा जीव गेला असेल, हे तेव्हा आमच्या मनातसुद्धा आले नाही. आणि कोणत्याही कार्याच्या आरंभी गजमुखाला हात जोडणारे आम्ही! पुढे १९७२ साली वन्य जीवांच्या रक्षणाचा कायदा झाला, १९८६ आणि १९९१ सालच्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, आणि कॅरमच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही हस्तिदंती किंवा धातूचा स्ट्रायकर वर्ज्य ठरला. झाले ते योग्यच झाले. मात्र चांगला स्ट्रायकर हाताला कसा लागावा, याचे माप त्या रात्री आमच्या बोटांत बसले ते बसलेच.

गोवा मुक्त झाल्यावर दुसऱ्याच वर्षी, १९६२ साली, बेळगावास शिकलेले अण्णा भोपाळच्या हेवी इलेक्ट्रिकल्स कारखान्यात रुजू झाले. भोपाळ मध्य प्रदेशाची राजधानी होऊन तेव्हा सहाच वर्षे झाली होती. जुनी राजधानी नागपूर असल्यामुळे कितीतरी मराठी कारकून आणि अधिकारी बिऱ्हाड हलवून या तलावाकाठच्या गावी आले होते, आणि कारखान्याच्या पिपलानी वसाहतीत तर साऱ्या हिंदुस्थानातून आलेली माणसे शेजारी शेजारी नांदत होती. पुढे काही वर्षांनी सरकारी कचेरीतील नोकरी लागून आम्हीही अण्णांच्याच बिऱ्हाडी आलो. दर रविवारी अण्णांच्या ओट्यावर कॅरम रंगे. एक बंगाली फोरमन, एक मलयाळी नकाशानवीस, नागपूरचे एक हिशेबनीस आणि अण्णा. भाषा चौघांच्या चार, पण राणी पडली की ओरड एकच. अण्णांचा स्ट्रायकर गिरगावातून आणलेला, जाड प्लॅस्टिकचा, जुन्या मेणबत्तीसारखा पिवळट होता. खेळ संपल्यावर ते तो रुमालाने पुसून चष्म्याच्या घरात ठेवीत. त्या एका स्ट्रायकरावर त्यांनी पन्नासाहून अधिक वर्षे काढली. आमचे स्ट्रायकर त्या काळात किती हरवले आणि किती फुटले याची गणतीच नाही.

दोन वर्षांपूर्वी अण्णांना अर्धांगाचा सौम्य झटका आला. औषधोपचाराने ते हिंडूफिरू लागले, वाचाही शाबूत राहिली. परंतु उजव्या हाताला कंप राहिला आणि बोटांतील जोर गेला. त्यानंतर ते कॅरमला बसेनासे झाले. कोणी विचारले तर "मागीर" एवढेच म्हणत. मन उडाले असेल, अशी आम्ही घरातल्यांनी समजूत करून घेतली. पुढे एके दिवशी घर झाडताना ते चष्म्याचे घर खाली पडले, आतला स्ट्रायकर फरशीवर आपटला आणि त्याच्या कडेचा चंद्रकोरीएवढा टवका उडाला. अण्णांनी दोन्ही तुकडे हातात घेऊन पाहिले आणि काही न बोलता खिडकीत ठेवून दिले. आम्हांस मात्र एकाएकी वाटले की, हेच निमित्त बरे. नवा, उत्तम स्ट्रायकर आणून द्यावा, म्हणजे अण्णा पुन्हा खेळू लागतील.

त्याच दिवशी आम्ही न्यू मार्केटात गेलो. दुकानदाराने काचेच्या कपाटातून एक स्ट्रायकर काढला. पारदर्शक, आत सोनेरी फूल, काठ आरशासारखा चकचकीत. "स्पर्धेचा माल आहे, पूर्ण १५ ग्रॅम, दहा वर्षे काही होणार नाही," असे तो म्हणाला. किंमत इतरांच्या चौपट. आम्ही ती आनंदाने मोजली. घरी येऊन बोर्ड पुसला, बोरिक पावडर भुरभुरली, सोंगट्या रचल्या आणि अण्णांना हाताला धरून आणून बसवले.

अण्णांनी स्ट्रायकर उचलला. तो दोन रेषांच्या मध्ये ठेवता ठेवता दोनदा बोटांतून निसटला. तिसऱ्यांदा ठेवला तेव्हा त्यांनी टिचकी मारली. पण बोट चकचकीत काठावरून घसरले, आणि स्ट्रायकर तिरपा जाऊन सोंगट्यांपर्यंत पोचण्याआधीच थांबला. त्यांनी तो उचलून आमच्या पुढ्यात ठेवला.

"हो म्हजो न्हय," ते म्हणाले, आणि उठले.

आम्हांस राग आला, हे कबूल केले पाहिजे. एवढ्या हौसेने, एवढा पैसा खर्चून आणलेली वस्तू, आणि तिला दुसरी संधीसुद्धा नाही! मनुष्य म्हातारा झाला की हट्टी होतो, असे काहीसे आम्ही स्वयंपाकघराकडे तोंड करून, परंतु ओटीवर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोललो. बोर्ड भिंतीला उभा करून ठेवला तो पंधरा दिवस तसाच राहिला.

इतक्यात अण्णांचा नातू, म्हणजे त्यांच्या मुलीचा मुलगा, अमेरिकेतून सुटीवर आला. तो मिनेसोटा प्रांतात असतो. त्याच्या सामानात एक पिशवी होती, आणि तिच्यात ताटल्यांसारख्या दहाबारा रंगीत चकत्या. ही कोणत्या जेवणाची भांडी, असे आम्ही विचारले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "धाकटे आजोबा, हा डिस्क गोल्फ." मग त्याने खेळ समजावून दिला. गोल्फमध्ये चेंडू काठीने मारून खळग्यात घालावयाचा. येथे चकती हाताने फेकून खांबावर बसवलेल्या टोपलीत पाडावयाची. टोपलीच्या वर लोखंडी साखळ्या लोंबत असतात, त्यांवर आदळून चकती आत पडते. जो कमीत कमी फेकींत टोपली गाठील तो जिंकला. आरंभी लोक झाडे, दिव्याचे खांब यांनाच लक्ष्य करीत. साखळ्यांची टोपली एड हेड्रिक नावाच्या गृहस्थांनी काढली आणि १९७६ साली या खेळाच्या खेळाडूंची संघटनाही त्यांनीच स्थापिली.

या चकत्यांत लांब जाणाऱ्या पातळ धारेच्या चकत्या निराळ्या, आणि अगदी शेवटी, टोपलीजवळ आल्यावर फेकावयाची बोथट काठाची चकती निराळी. तिला पटर म्हणतात. आमच्या नातवाच्या पिशवीत पटरच तीन होते. आकार तिघांचा एक; मग तीन कशाला, हा आमचा स्वाभाविक प्रश्न. त्याने तिन्ही आमच्या हाती एकामागून एक दिले आणि डोळे मिटून पाहावयास सांगितले. पहिला खडूसारखा कोरडा होता आणि किंचित दबे. दुसरा काचेसारखा कडक आणि गुळगुळीत. तिसरा दोहोंच्या मधला. प्लॅस्टिक निरनिराळे, एवढाच भेद. पहिले साधे, स्वस्त प्लॅस्टिक. ते बोटांना धरून राहते आणि सोडताना अचूक सुटते, पण साखळ्यांवर आणि झाडांवर आदळून थोड्याच दिवसांत त्याच्या कडेला ओरखडे पडतात, आणि कड झिजली की चकतीची चालही बदलते. दुसरे महाग प्लॅस्टिक. ते वर्षानुवर्षे टिकते, पण घामेजल्या किंवा गारठलेल्या बोटांतून निसटते. वजनाचेही तसेच. नियमाने व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅमपर्यंत वजन चालते, म्हणजे २१ सेंटिमीटरच्या चकतीला सुमारे १७४ ग्रॅम. जड चकती वाऱ्याला दाद देत नाही; हलकी चकती थोड्या जोराने जाते, पण वारा तिला भिरकावून देतो. मिनेसोटाच्या थंडीत प्लॅस्टिक ताठरते, तेव्हा तो मऊ पटर काढतो. भर उन्हाळ्यात तोच पटर नको इतका लवचिक होतो, तेव्हा कडक काढतो.

"मग यांतला उत्तम कोणता?" आम्ही विचारले.

"कोणाच्या हातासाठी?" तो म्हणाला.

त्याने हे सहज विचारले होते. पण खिडकीतल्या त्या दोन पिवळट तुकड्यांकडे आमची दृष्टी गेली आणि आम्ही गप्प झालो.

अण्णा हे सारे आरामखुर्चीतून ऐकत होते. नातवाने त्यांना हेड्रिकसाहेबांची आणखी एक हकिकत सांगितली. २००२ साली ते वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा प्लॅस्टिकात मिसळून तिच्या चकत्या ओतण्यात आल्या. आम्हांस हे ऐकून काय बोलावे ते सुचेना. अण्णा मात्र कित्येक दिवसांनी मोकळे हसले. "म्हजीं हाडां गोकर्णाक व्हरात, चकत्यो करूं नाकात," असे ते नातवाला म्हणाले. हसणे ओसरल्यावर त्यांनी तो मऊ पटर मागून घेतला आणि कापऱ्या हातात बराच वेळ फिरवीत बसले. "हो हातांत रावता," ते हळूच म्हणाले. हा हातात राहतो.

दुसऱ्या दिवशी नातवाने अण्णांना काहीएक न सांगता आम्हांस बरोबर घेतले आणि आम्ही स्ट्रायकर शोधावयास बाहेर पडलो. न्यू मार्केटातली दोन दुकाने आणि जुन्या शहरातील एक, अशा तीन दुकानांतून आम्ही सात स्ट्रायकर घेतले. कोणतेही महाग नव्हते. नंतर चौकात एका सराफाच्या दुकानी शिरलो, कारण ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत वजन सांगणारा काटा त्याच्याखेरीज कोणाकडे असणार? सराफाने ते सात स्ट्रायकर गादीवर मांडलेले पाहिले आणि अस्सल भोपाळी ढंगात विचारले, "क्यों खां, न सोना न चाँदी, ये क्या तुलवा रिये हो?" आम्ही कारण सांगितले. तेव्हा त्याने पेढीवरील गिऱ्हाइकाला थांबवून प्रत्येक स्ट्रायकर स्वतः तोलला. आम्ही खिशात घालून नेलेला तो महाग, "पूर्ण १५ ग्रॅम"चा स्ट्रायकरही काट्यावर ठेवला. तो भरला १५.६. म्हणजे ज्या स्पर्धेच्या नावाने तो विकला होता, त्या स्पर्धेत तो चाललाच नसता. बाकीचे सात ११ पासून १५ पर्यंत निरनिराळ्या वजनांचे निघाले, आणि दिसावयास एकसारखे दोन स्ट्रायकर जवळजवळ दीड ग्रॅमने वेगळे भरले.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी कॅरमबोर्ड आहे त्यांना या आकड्यांचे मर्म सांगितले पाहिजे. सोंगटीचे वजन नियमाने ५ ते ५.५ ग्रॅम असते. स्ट्रायकर १५ ग्रॅमहून जड नसावा आणि त्याचा व्यास ४.१३ सेंटिमीटरहून अधिक नसावा. बोर्डाच्या कोपऱ्यातील होल ४.४५ सेंटिमीटरचे. यावरून दोन गोष्टी दिसतात. जड स्ट्रायकर सोंगटीच्या सुमारे तिप्पट वजनाचा असतो, म्हणून तिच्यावर सरळ आदळल्यावरही तो थांबत नाही, तिच्यामागून पुढे धावतो. आणि होल त्याच्याहून केवळ तीन मिलिमीटरने रुंद असल्यामुळे सोंगटीच्या पाठोपाठ आपणही त्यात उडी घेतो. मग मिळालेली सोंगटी परत ठेवण्याची पाळी येते. ज्याच्या बोटांत जोर आहे आणि त्या जोरावर ताबाही आहे, त्याच्या हाती जड स्ट्रायकर म्हणजे रचलेल्या सोंगट्या फोडण्याचे साधन. परंतु ज्याच्या बोटांत जोर उरला नाही, त्याला तो जागचा हलवणेच कठीण. हलका स्ट्रायकर थोड्या टिचकीने निघतो. सोंगटीवर आदळून तो आपला वेग अधिक गमावतो हे खरे, पण जवळची सोंगटी हळूच ढकलण्याला तेवढे पुरते.

वजन काट्यावर कळते. स्पर्श तसा कळत नाही. घरी आल्यावर नातवाने टेबलावरची काच स्वच्छ पुसली आणि एकेक स्ट्रायकर तिच्यावर ठेवून कडा बोटाने दाबून पाहिल्या. दोन स्ट्रायकर डुगडुगले. त्यांचा तळ सपाट नव्हता, ते बाद. मग प्रत्येक स्ट्रायकर काठावर उभा करून चाकासारखा सोडला. एक सारखा डावीकडे वळे. त्याची कड वाटोळी नव्हती, तोही बाद. उरलेल्या चारांवरून आम्ही डोळे मिटून नख फिरवले. आणि मग आमच्या ध्यानात आले की, पन्नास वर्षे कॅरम खेळूनही स्ट्रायकराचे दोन भाग आम्ही कधी वेगळे मानले नव्हते. तळ जितका गुळगुळीत तितका चांगला, कारण तो बोर्डावर घसरावयाचा असतो. पण काठ? काठाला बोट लागते. कापरे बोट चकचकीत काठावर पडले की बाजूला सरकते, आणि नेम धरलेला असूनही स्ट्रायकर तिरपा जातो. काठ किंचित भुरका, खडूसारखा कोरडा असला तर बोट जेथे पडेल तेथे क्षणभर थांबते. चौघांत असा एकच होता. दुधाळ रंगाचा, थोडा जाड, वजन १२.२ ग्रॅम; सर्वांत स्वस्त. दुकानदाराने तो देताना "मुलांसाठी हवा का?" असे विचारले होते.

तो हातात घेऊन बसलो असता आमची चूक आम्हांस उमगली. न्यू मार्केटात त्या दिवशी आम्ही अण्णांसाठी स्ट्रायकर घेतलाच नव्हता. पिपलानीच्या ओट्यावर बाह्या सारून बसणारे, एका टिचकीत सोंगट्या चारी कोपऱ्यांना पांगवणारे जे अण्णा आमच्या डोळ्यांपुढे होते, त्यांच्यासाठी तो घेतला होता. तसेच त्यांनी पुन्हा व्हावे, ही आमची इच्छा. आणि त्या इच्छेचे ओझे आम्ही त्यांच्या कापऱ्या बोटांवर ठेवले. अण्णा मात्र आपल्या हाताला पुरते ओळखून होते. दोन वर्षे ते खेळले नाहीत ते मन उडाले म्हणून नव्हे. तो पिवळट स्ट्रायकर त्यांना जड झाला होता, आणि तसे बोलून दाखवणे त्याहून जड होते.

संध्याकाळी पाऊस लागला होता. भोपाळच्या श्रावणात हवा दमट असते. प्लायवूड ओल धरते, पावडरीच्या गुठळ्या होतात. आम्ही बोर्ड घटकाभर दिव्याखाली ठेवून कोरडा केला, पावडर वस्त्रगाळ करून टाकली आणि चारही स्ट्रायकर बोर्डावर ओळीने मांडले. आमची निवड आम्ही सांगितली नाही. अण्णा आले. त्यांनी एकेक उचलला, तळव्यावर ठेवून हात खालीवर केला, अंगठ्याने काठ चाचपला. पहिल्या दोहोंना "जड जाता" म्हणून बाजूस सारले. तिसरा निसटला. चौथा, तो दुधाळ, त्यांनी मुठीत धरला आणि तसाच धरून ठेवला.

नातवाने प्रामाणिकपणे सांगितले, "आजोबा, हा टिकणार नाही. मऊ आहे. वर्षदीड वर्षात काठ झिजेल. तो दुसरा दहा वर्षे जाईल."

अण्णांनी आमच्याकडे पाहिले. "म्हाका धा वर्सां कित्याक रे?" ते म्हणाले.

त्यांच्या स्वरात खेद नव्हता. बाजारात भाजी घेणारा मनुष्य जसे "अर्धा किलो पुरे" म्हणतो, तसे ते म्हणाले. आम्ही मात्र मान खाली घालून सोंगट्या रचू लागलो. वस्तू टिकाऊ असावी, हे आम्ही आयुष्यभर गुणांत पहिले मानले होते. छत्रीसाठी तीन दुकाने आम्ही हिंडतो ती त्यासाठीच. पण टिकण्याचा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो, हे त्या दिवशी प्रथम समजले.

खेळ सुरू झाला. अण्णांची पहिली टिचकी सोंगट्यांपर्यंत पोचली, फुटले काही नाही. दुसरी चुकली. तिसऱ्या पाळीला त्यांच्या उजवीकडच्या होलाच्या तोंडाशी एक पांढरी सोंगटी होती. आम्ही ती सहज काढून घेऊ शकलो असतो, पण ती त्यांच्यासाठी ठेवावी असे मनात आले आणि आम्ही मुद्दाम दुसरीकडे नेम धरला. अण्णांच्या ते तत्काळ लक्षात आले. "सारको खेळ," ते दरडावून म्हणाले. साठ वर्षांपूर्वी जसे दरडावीत तसेच. मग त्यांनी स्ट्रायकर दोन रेषांमध्ये ठेवला. या वेळी तो निसटला नाही. बोट कापत होते. पण ज्या क्षणी ते काठाला टेकले, त्या क्षणी थांबले. टिचकी हलकीच होती. स्ट्रायकर गेला, सोंगटीला जेमतेम लागला आणि तेथेच उभा राहिला. सोंगटी होलात पडली तिचा आवाज पावसातही स्पष्ट ऐकू आला.

तो डाव आम्ही जिंकलो, तेही अगदी सरळ खेळून. अण्णांना त्याचे काही वाटले नाही. त्यांनी दुधाळ स्ट्रायकर रुमालाने पुसला, चष्म्याच्या घरात ठेवला आणि "फाल्यां" म्हणाले. उद्या.

त्या गोष्टीला आता वर्ष होत आले. नातू परत गेला. जाताना आपला मऊ पटर अण्णांपाशी ठेवून गेला. सकाळी हाताच्या व्यायामासाठी अण्णा तो बोटांत दाबीत बसतात. दुधाळ स्ट्रायकर नातवाने सांगितला होता तसा झिजतो आहे. काठाला दोन ठिकाणी बारीक खरे पडले होते, ते आम्ही अगदी बारीक पॉलिशकागदाने सारखे केले. मध्यंतरी आम्ही जुन्या शहरातील त्याच दुकानी जाऊन त्याच जातीचे पाच स्ट्रायकर पाहिले, पुन्हा त्याच सराफाला त्रास दिला, आणि १२ ग्रॅमच्या आसपासचा एक निवडून आणला. पहिला झिजला की अडचण नको, म्हणून तो आम्ही कोणाला न सांगता कपाटाच्या खणात ठेवून दिला होता.

गेल्या आठवड्यात काही कागद शोधताना अण्णांनी तो खण उघडला. रात्री बोर्ड मांडला तेव्हा तो नवा स्ट्रायकर त्यांच्या हातात होता. आम्ही काहीतरी सारवासारव करू लागलो. त्यांनी ऐकून घेतले नाही. तळव्यावर ठेवून त्यांनी तो खालीवर तोलला, अंगठ्याने काठ पाहिला, समाधानाने मान हलवली. आणि मग, आम्ही नेहमी खेळतो तो आमचा १५ ग्रॅमचा चकचकीत स्ट्रायकर बोर्डावरून उचलून त्यांनी बाजूला ठेवला. अलीकडे काही महिने आमचा लांबचा नेम तिरपा जातो आणि आम्ही दमट हवेला दोष देतो, हे खरे. ते त्यांनी पाहिले असेल, असे आम्हांस वाटले नव्हते.

त्यांनी तो नवा स्ट्रायकर आमच्या हाती दिला.

"हो तुजो," अण्णा म्हणाले.